पाझर फुटला, आता पाट काढा

वाचक लिहितात:

ताई, दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या आग्रहामुळे एका संस्थेत गेले होते. तिथे कृत्रिम पाय बसवून देतात. एक कार्यकर्ती सात-आठ वर्षांच्या मुलाला नव्या पायावर चालायला शिकवत होती. पट्टा बांधायची, तो दोन पावलं टाकायचा, दुखतंय म्हणायचा, ती पट्टा सोडून पुन्हा बांधायची. तासभर तेच चाललं होतं. घरी परतले ती वेगळीच होऊन. तेव्हापासून अशा संस्थांबद्दल मिळेल ते वाचते. युद्धात जाऊन शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, मच्छरदाण्या वाटणारे, दुभंगलेल्या ओठांवर मोफत उपचार करणारे. वाचलं की डोळे भरून येतात आणि लगेच थोडे पैसे पाठवते. परवा हिशेब केला. वर्षभरात अकरा संस्थांना दिले होते आणि सगळी बेरीज माझ्या पगाराच्या एक टक्काही नव्हती. फार लाज वाटली. पगारातला निम्मा भाग देणारी माणसंही जगात आहेत! माझ्यावर घराचं कर्ज आहे, सासूबाईंचं औषधपाणी आहे, मुलगी शाळेत आहे. नवरा चांगला आहे, पण ‘आधी आपलं घर’ म्हणतो, म्हणून मी देते त्यातलं अर्धं त्याला सांगतच नाही. मला जास्त द्यायचं आहे. कसं देऊ? किती दिलं म्हणजे पुरे? आणि त्या पहिल्या संस्थेत पुन्हा जावंसं वाटतं, पण एवढंसं देऊन कोणत्या तोंडाने जाऊ?

प्रिय मैत्रीण,

आधी लाजेबद्दल बोलू, कारण ती मनात ठेवून पुढचं काही नीट ठरणार नाही. एक टक्क्याहून कमी, हा आकडा पाहून तुम्ही स्वतःच्या दानतीवर शंका घेता आहात. मला त्या आकड्यात फक्त तुमची देण्याची पद्धत दिसते. तुम्ही वाचता, डोळे भरतात, पैसे जातात. डोळे भरले नाहीत तर जात नाहीत. असे क्षण वर्षात येऊन येऊन किती येणार? बारा, पंधरा? आणि त्या क्षणी मन कितीही भरून आलं तरी महिनाअखेरीला किती शिल्लक राहील हे माहीत नसतं, म्हणून बोटं आपोआप लहानसा, बिनधोक आकडा टाकतात. मीही कितीतरी वर्षं असंच देत होते. पाझर फुटायचा आणि तिथल्या तिथे जिरून जायचा.

तुमच्यासारखाच एक माणूस १८५९ साली एका गावात गेला आणि वेगळा होऊन परतला. आंरी द्युनाँ हा जिनिव्हाचा व्यापारी. अल्जीरियातल्या आपल्या धंद्यासाठी सवलती मिळवायच्या म्हणून तो फ्रान्सच्या सम्राटाला गाठायला निघाला होता. २४ जून रोजी इटलीत सोल्फेरिनोला मोठी लढाई झाली आणि त्याच संध्याकाळी तो जवळच्या कास्तिल्योने गावात पोहोचला. चर्चमध्ये, अंगणांत, रस्त्यांवर हजारो जखमी पडले होते. त्यांना पाणी द्यायला माणसं नव्हती. गावातल्या बायका पुढे आल्या, तोही त्यांच्यात मिसळला. जखमा धुतल्या, मरणाऱ्यांचे निरोप लिहून घेतले, पदरमोड करून सामान आणवलं.

तो तिथेच थांबला असता तर एका भल्या माणसाने काही दिवस केलेली मदत एवढंच ते राहिलं असतं. पण १८६२ मध्ये त्याने त्या अनुभवावर एक छोटं पुस्तक छापलं आणि शेवटी एक साधा प्रश्न विचारला: शांततेच्या काळातच अशा संस्था उभ्या करता येणार नाहीत का, की ज्यांची माणसं आधीपासून तयार असतील आणि लढाई सुरू झाली की लगेच पोहोचतील? पुढच्या वर्षी जिनिव्हात पाच जणांची समिती बसली. तीच पुढे रेड क्रॉस झाली. १८६४ मध्ये युद्धातल्या जखमी सैनिकांच्या संरक्षणासाठी पहिला जिनिव्हा करार झाला.

त्या पुस्तकातली वर्णनं अंगावर येतात. तरी मला त्या सगळ्यात मोलाचे वाटतात ते ‘शांततेच्या काळात’ हे शब्द. सोल्फेरिनोच्या त्या रात्री त्याला जे उमगलं, त्याची व्यवस्था त्याने घरी बसून, शांत डोक्याने मांडली. तुम्हालाही मी हेच करायला सांगणार आहे. तुमचं सोल्फेरिनो झालं. आता एखाद्या निवांत रविवारी बसा आणि तीन गोष्टी ठरवा: मिळकतीचा कितवा भाग, कोणाला, आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो भाग आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. पाट एकदा काढला की पाण्याला रोज वाट विचारावी लागत नाही.

डोळे भरण्याचं काय करायचं, असं तुम्ही विचाराल. ते भरू द्या. पण त्यांच्यावर सगळं सोपवू नका, कारण डोळ्यांचा हिशेब फार विचित्र असतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ५ डॉलर देऊन त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितलं. काहींना आफ्रिकेतल्या माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली, काहींना आफ्रिकेत किती लाख माणसं उपाशी आहेत याचे आकडे. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांसाठी १.१४. तिची गोष्ट आणि आकडे दोन्ही एकत्र दिले तेव्हा १.४३. म्हणजे त्याच मुलीशेजारी लाखो भुकेल्यांचा उल्लेख आला आणि हात आखडला. माणसाचं काळीज असंच बनलेलं आहे, त्यात तुमचा किंवा माझा दोष नाही. पण कोणाची गरज मोठी आणि कोणाची गोष्ट चांगली सांगितली गेली, हे त्याला वेगळं करता येत नाही. म्हणून ठरवलेल्या रकमेचा दहावा हिस्सा मोकळा ठेवा, डोळे भरतील तेव्हासाठी. बाकीचे नऊ हिस्से शांतपणे ठरवल्याप्रमाणे जाऊ देत.

आता किती दिलं म्हणजे पुरे, हा प्रश्न. तो तुम्हाला झोपू देत नसणार, कारण त्याला शेवटचं उत्तर नाही. पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ मध्ये एका निबंधात तो अगदी धारदार करून ठेवला: उथळ तळ्यात मूल बुडताना दिसलं तर कपडे चिखलात खराब होतील म्हणून आपण काठावर थांबू का? आणि थांबणार नसू, तर दूरच्या मुलासाठी का थांबतो? या युक्तिवादातून सुटका नाही. मी तरी तीस वर्षांत सुटले नाही. पण त्याच सिंगर यांनी पुढे सामान्य मिळकतीच्या लोकांसाठी थोड्या टक्क्यांपासून सुरू होणारी, मिळकतीबरोबर चढत जाणारी श्रेणी सुचवली. मनाला टोचणारा प्रश्न वेगळा आणि महिन्याचा आकडा वेगळा, हे त्यांनाही मान्य करावं लागलं.

माणसांनी हा आकडा फार पूर्वीपासून शोधला आहे. इस्लाममध्ये जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान, अडीच टक्के आहे, आणि ती मिळकतीवर नसून ठरावीक मर्यादेच्या वर वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर आहे. म्हणजे आधी घर चाललं पाहिजे, हे त्यात धरलेलंच आहे. ज्यू परंपरेत दहाव्या भागाची रीत आहे. २००९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये टोबी ऑर्ड आणि विल्यम मॅकअस्किल यांनी ‘गिव्हिंग व्हॉट वुई कॅन’ ही संस्था सुरू केली, तिच्या प्रतिज्ञेतही दहा टक्केच आहेत. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ज्यू धर्मपंडितांनी घातलेला दुसरा नियम: पाचव्या भागाहून जास्त देऊ नये, नाहीतर देणाऱ्यावरच उद्या हात पसरायची वेळ येईल. ज्यांनी देणं कर्तव्य मानलं, त्यांनीच त्याला वरून कुंपण घातलं. त्यांनी तसं होताना पाहिलं असणार.

द्युनाँचं पुढे तसंच झालं. युरोपभर रेड क्रॉससाठी फिरताना त्याचं धंद्याकडे दुर्लक्ष झालं, १८६७ मध्ये तो दिवाळखोर ठरला, त्याच्यावर विश्वास टाकून पैसे गुंतवणारे मित्रही बुडाले. ज्या समितीची कल्पना त्याची होती तिथूनही त्याला बाहेर पडावं लागलं. पुढची कित्येक वर्षं त्याने विलक्षण गरिबीत काढली. १८९५ मध्ये एका पत्रकाराने त्याला स्वित्झर्लंडमधल्या हायडन गावच्या रुग्णाश्रमात शोधून काढलं तेव्हा जगाला तो जिवंत असल्याचं कळलं. १९०१ मध्ये शांततेचं पहिलं नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळालं. मी त्याला मनापासून मानते. पण त्याचा हा उत्तरार्ध मी कुणालाही अनुकरणासाठी सांगणार नाही. तुमच्या सासूबाई, तुमची मुलगी, तुमचं कर्ज या गोष्टी तुमच्या चांगुलपणाच्या आड येत नाहीत. त्याही तुमच्याच भरवशावर आहेत.

तुमच्या जागी मी असते तर दोन टक्क्यांपासून सुरू केलं असतं. त्याआधी एकच अट: अचानक आजारपण आलं, नोकरी गेली, तर तीन महिने घर चालेल एवढी गंगाजळी वेगळी हवी. क्रेडिट कार्डासारखं जबर व्याजाचं काही देणं असेल तर आधी ते फेडा. घराचं कर्ज चालू राहू दे, ते फिटायची वाट पाहिलीत तर वीस वर्षं जातील. दोन टक्के ऐकून हिरमुसू नका. आज देता त्याच्या ते दुपटीहून जास्त आहेत, आणि ते दर महिन्याला जातील.

वाढवायचं कसं, त्यालाही एक युक्ती आहे आणि ती पारखून पाहिलेली आहे. स्वीडनमध्ये आना ब्रेमन या अर्थतज्ज्ञ संशोधिकेने एका संस्थेच्या नियमित देणगीदारांवर प्रयोग केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना विचारलं, आजपासून रक्कम वाढवाल का? काहींना विचारलं, काही महिन्यांनंतरपासून वाढवाल का? पुढच्या तारखेचा शब्द ज्यांच्याकडे मागितला त्यांनी दिलेली वाढ सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त भरली. आजच्या पैशाला आज शंभर वाटा असतात, उद्याच्या पैशावर अजून कुणी हक्क सांगितलेला नसतो. म्हणून आत्ताच लिहून ठेवा: पुढची पगारवाढ होईल तिचा पाचवा भाग या पाटात जाईल. हातात न आलेला पैसा सोडताना घरात कुणाला ओढ बसत नाही.

आणि आता नवऱ्याबद्दल. इथे मी थोडी परखड होणार आहे. लपवून देणं आजपासून बंद करा. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं म्हणतात, पण ते बाहेरच्या जगात मिरवण्याबद्दल आहे. घरातल्या माणसापासून लपवलेला पैसा ज्या दिवशी उघडा पडतो त्या दिवशी भांडण दानावर होत नाही, विश्वासावर होतं, आणि मग कितीतरी वर्षं त्या घरात देण्याचा विषयच कडू होऊन बसतो. मी हे जवळून पाहिलं आहे. तुम्ही स्वतःच लिहिता की माणूस चांगला आहे. मग ‘आधी आपलं घर’ या त्याच्या शब्दांमागे काय आहे ते त्याला विचारा. बहुतेक वेळा मागे भीती असते: ही भावनेच्या भरात उद्या किती देऊन बसेल याचा अंदाज नाही. ठरलेला आकडा आणि ठरलेली तारीख या भीतीवर फार चांगलं औषध आहे. त्याला विचारा, आईचं औषधपाणी, मुलीचं शिक्षण, कर्ज हे सगळं धरून कोणता आकडा तुला निर्धास्त वाटेल? तो एक टक्का म्हणाला तर एक टक्का. दोघांनी मिळून दिलेला एक टक्का तुमच्या एकटीच्या तीनपेक्षा जास्त टिकेल.

हे बोलणं सोपं करण्यासाठी एक गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात हॅटिसबर्ग गावी ओसिओला मॅकार्टी नावाच्या बाई लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून जगत होत्या. आजारी मावशीला सांभाळायला सहावीत शाळा सोडावी लागली, ती पुन्हा कधी झालीच नाही. आयुष्यभर थोडे थोडे बँकेत टाकत राहिल्या. उतारवयात बँकेतल्या माणसाने त्यांच्यासमोर दहा नाणी मांडली. प्रत्येक नाणं म्हणजे तुमच्या ठेवीचा दहावा भाग, कोणाला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. बाईंनी एक नाणं चर्चसाठी बाजूला काढलं, तीन नाणी तीन नातेवाइकांसाठी, आणि उरलेली सहा जवळच्या विद्यापीठातल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी. १९९५ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा विद्यापीठाच्या वाट्याची रक्कम होती दीड लाख डॉलर. स्वतःच्या हयातीतल्या खर्चाची सोय त्यांनी आधीच लावून ठेवली होती.

तुम्हीही जेवणं झाल्यावर टेबलावर नाणी मांडा. दहा नको, शंभर मांडा, बटणं चालतील, मुलीचे मणी चालतील. कर्जाचे किती, औषधांचे किती, शाळेचे किती, शिलकीचे किती, असे ढीग करा आणि मग विचारा, यातले दोन इकडे ठेवले तर कोणता ढीग लंगडा पडतो? मुलीलाही बसवा. आकड्यांत जे बोलता येत नाही ते ढिगांत बोलता येतं.

अकरा संस्थांच्या मी तीन करीन. प्रत्येक छोट्या देणगीची नोंद, पावती, आभारपत्र, पुढची विनंती यावर संस्थेचा खर्च होतोच. अकरा ठिकाणी चिमूट चिमूट टाकली की तुमच्या पैशातला बराच भाग त्यातच विरतो. शिवाय अकरा संस्थांना ओळखणं कोणाला जमणार? तीन संस्थांचे वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण झालेले ताळेबंद तुम्ही खरंच वाचू शकाल. उरलेल्या आठांची मनाला रुखरुख लागेल, ती लागू दे.

निवडताना तुम्हाला भारावून टाकणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे एक पाऊल टाका. ‘प्लेपंप’ची हकिकत ऐका. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं आणि त्यांच्या फिरण्याने जमिनीतलं पाणी टाकीत चढायचं, अशी ती कल्पना. ऐकताच कोणालाही भुरळ पडावी! २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर झाली. पुढे दक्षिण आफ्रिकेत आणि शेजारच्या देशांत दिसलं ते वेगळं होतं. मुलं दमायची, खेळ संपायचा, मग बायका ते जड चक्र हाताने ढकलत बसायच्या. बिघाड झाला की दुरुस्त करणारा लवकर मिळत नसे. २०१० मध्ये ज्या प्रतिष्ठानाने यात मोठा पुढाकार घेतला होता त्याने आपण कमी पडलो हे जाहीरपणे मान्य केलं. ही कबुली मला फार महत्त्वाची वाटते. म्हणून संस्थेला यशोगाथा विचारू नका, त्या ती न विचारता सांगते. विचारा: तुमचं काय फसलं, आणि मग तुम्ही काय बदललं? ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ची कॅनडातली संस्था २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा अहवालच छापू लागली. ज्या संस्थेकडे या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे तिच्याकडे तुमचे पैसे सुरक्षित आहेत, असं मी खुशाल मानते.

एक प्रश्न मात्र विचारू नका, निदान पहिला म्हणून नको: ‘माझ्या पैशातले किती प्रत्यक्ष गरजूंपर्यंत जातात?’ ऐकायला रास्त आहे, पण त्याने संस्थांचं फार नुकसान केलं आहे.

मी सहा वर्षं एका छोट्या संस्थेचे हिशेब लिहीत होते. एकदा तिच्या कामावर फोटोसह लेख छापून आला, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका मुलीचा फोटो. महिनाभर देणग्या येत राहिल्या आणि जवळजवळ प्रत्येकीबरोबर चिठ्ठी: ‘फक्त खुर्च्यांसाठीच वापरावे.’ आम्ही खुर्च्या घेतल्या. गरजेपेक्षा जास्त झाल्या, चौदा खुर्च्या ताडपत्रीखाली झाकून मागच्या पडवीत उभ्या होत्या. आणि त्याच वेळी व्यायाम करून घेणाऱ्या बाईंचा दोन महिन्यांचा पगार थकला होता, चाकं दुरुस्त करणारा कारागीर दुसरीकडे निघून गेला होता. खतावणीत ‘खुर्ची निधी’ या पानावर भरपूर शिल्लक दिसायची आणि ‘वेतन’ या पानावर काहीच नाही. त्या पानावरचे पैसे या पानावर आणायची मुभा मला नव्हती, ते योग्यही नव्हतं. त्या बाईंनी शेवटी काम सोडलं. त्यांच्या हाताखाली चालायला लागलेली मुलं किती दिवस त्यांची वाट बघत होती, ते आठवलं की मला अजून त्रास होतो. देणाऱ्या प्रत्येकाचं मन सोन्यासारखं होतं. फक्त पैसा माणसाच्या पगारावर खर्च होतो याला ते ‘वायफळ’ समजत होते.

तुम्ही त्या दिवशी काय पाहिलंत? पट्टा सोडून पुन्हा बांधणारी कार्यकर्ती. तिचा पगार कोणत्या रकान्यात पडत असेल, याचा विचार करा. गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या अमेरिकेतल्या संस्थांचं कामच देणगीदारांना माहिती पुरवणं. त्यांनी २०१३ मध्ये एक खुलं पत्र लिहून सांगितलं की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्थेची पारख करू नका. आठवा भाग असो वा पाचवा, विचारायचं ते हे की काम होतंय का.

म्हणून देताना अट घालू नका. ‘जिथे लागेल तिथे वापरा’ असं लिहा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, संकटाच्या जागी जाऊन उपचार करणाऱ्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेकडे पैशाचा ओघ लागला होता. तेव्हा त्यांनी थोड्याच दिवसांत जाहीर केलं की त्सुनामीच्या कामाला पुरेल इतकं जमलं आहे, आता त्यासाठी पाठवू नका. ज्यांनी आधी पाठवले होते त्यांना विचारलं, हे पैसे दुसऱ्या संकटांसाठी वापरू का? बहुतेकांनी हो म्हटलं. येणारा पैसा थांबवायला केवढं धैर्य लागतं, हे पावतीपुस्तक हातात धरलेल्याला विचारा.

आणखी एक गोष्ट, तुमच्या त्या मुलाबद्दल. वाढत्या वयात कृत्रिम पाय फार दिवस पुरत नाही. हाड वाढतं, मांडी भरते, खोबण घट्ट होते, वर्ष-दीड वर्षात पाय बदलावा लागतो. तुम्ही त्याला पाहिलंत त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवशी ज्या पायावर तो पहिली पावलं टाकत होता तो आता त्याला लहान पडला असेल. मोठा होईपर्यंत त्याला असे कितीतरी पाय लागतील, आणि दर वेळी कुणीतरी तासभर पट्टा बांधत-सोडत बसावं लागेल. त्याच्या दृष्टीने तुमच्या बारा महिन्यांच्या बारा रकमा एका मोठ्या रकमेपेक्षा कामाच्या आहेत.

पैशाखेरीज वेळ द्यायचा असेल तर आधी विचारा, त्यांना काय हवं आहे. पुष्कळदा हवा असतो तो हिशेब लिहिणारा, पत्रं लिहिणारा, दर आठवड्याला न चुकता येणारा माणूस. आला तर महिने टिकणारा हवा. तुमच्या आजच्या धावपळीत ते जमणार नसेल तर आत्ता शब्द देऊ नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कोणत्या तोंडाने जाऊ. त्या हिशेबाच्या वर्षांत एक गृहस्थ दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे पाठवत. रक्कम अगदी लहान. त्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. एक दिवस ते आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, मी काही फार देत नाही, नुसतं बघून जायचं होतं. आमच्या संचालक बाईंनी त्यांना आत बसवलं आणि मला खतावणी आणायला सांगितली. त्यांच्या नावाचं पान उघडलं. चार वर्षं, अठ्ठेचाळीस ओळी, एकाखाली एक, एकही महिना चुकलेला नाही. अंदाजपत्रक करताना आम्ही आधी असेच आकडे मांडायचो, कारण ते येणार हे माहीत असायचं. मोठ्या देणग्या आल्या तर आल्या, म्हणून खाली, पेन्सिलीने. त्यांच्यासारख्या पाच-सहा जणांच्या भरवशावर एका मदतनीस बाईंचा अर्ध्या दिवसाचा पगार ठरला होता. संचालकांनी त्या बाईंना हाक मारली आणि दोघांची ओळख करून दिली. ते गृहस्थ बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तुम्ही जा. नवऱ्याला आणि मुलीला बरोबर न्या. त्या कार्यकर्तीला विचारा की पट्टे किती दिवस टिकतात, मुलं किती महिन्यांनी परत येतात, आणि तो मुलगा आता कसा चालतो. तुमचा आकडा ठरला असेल तो सांगा, किती वर्षं देणार तेही सांगा. आणि जमलं तर त्यांचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक ठरायच्या आधी जा.

तुमची,
ताई